निरवांगीला पाऊस पडला की नाही

निरवांगीला जायचं ठरलं ते एका संशयावरून.

पुण्यात मी ज्या कचेरीत नोकरीला होते तिथे गावोगावचे पावसाचे आकडे टपालाने यायचे. ते नकाशावर उतरवायचे, एवढंच माझं काम. नव्वदनंतरची ती सुरुवातीची वर्षं. संगणक आमच्याकडे आला होता, पण त्याच्यावर कायम प्लास्टिकचं झाकण असायचं आणि आम्ही आपले पेन्सिलीनेच आकडे भरायचो. इंदापूर तालुक्यातून अंथुर्णे, कळंब आणि निरवांगी या तीन गावांची कार्डं माझ्या वाट्याला होती. गावं एकमेकांपासून फार लांब नाहीत. पण उन्हाळ्यात पहिली दोन गावं 'निरंक' कळवायची, म्हणजे काहीच पडला नाही, आणि त्याच दिवशी निरवांगीहून चांगला पाऊस झाल्याचं कार्ड यायचं. कधी नेमकं उलटं. दोन्हीकडे पाऊस, आणि निरवांगी कोरडी.

साहेबांनी एक दिवस मला बोलावलं. "निरवांगीचा हा मास्तर घरात बसून आकडे लिहितो," ते म्हणाले. "तुम्ही जाऊन बघून या. खोटं निघालं तर तिथलं पावसाचं मापक उचलून दुसऱ्या गावाला देऊ."

मी मूळची दापोलीकडची. आमच्याकडे पाऊस येतो तो साऱ्या पंचक्रोशीवर येतो. या अंगणात आहे आणि त्या अंगणात नाही, असा पाऊस मी जन्मात पाहिला नव्हता. त्यामुळे साहेबांचं म्हणणं मला पटलं होतं, हे आधीच सांगून टाकते.

बारामती

मे महिन्यात, भर दुपारी मी बारामतीच्या स्टँडवर उतरले. हातात छत्री होती. ती उन्हासाठी होती, पण स्टँडवरचा जो तो आधी छत्रीकडे आणि मग माझ्याकडे बघत होता. समोरच्या हॉटेलात चहाला बसले. रेडिओवर बातम्या संपून हवामान लागलं. पुढचे दोन दिवस हवामान कोरडं राहील, असं निवेदिका सांगत होती. मला बरं वाटलं. तो अंदाज ज्या नकाशांवरून निघतो त्यांतले काही ठिपके माझ्या हातचे असतात.

माझ्या टेबलावर एक शेतकरी बसला होता. त्याने पायाशी ठेवलेल्या पिशवीतून एक डाळिंब काढून माझ्यासमोर ठेवलं. सालीवर काळपट खड्डे पडले होते.

"ह्ये बघा बाई," तो म्हणाला. "काल गारा पडल्या. अर्धी बाग अशी झाली. आन् परवाबी तिनं ह्येच सांगितलं हुतं, कोरडं ऱ्हाईल म्हनून."

"कुठलं गाव तुमचं?"

"अंथुर्णं."

मी वही काढली. अंथुर्ण्यात काल गारा पडल्या असतील तर तिथे नोंद हवी. ते तर माझ्या वाटेवरचंच गाव होतं.

अंथुर्णे आणि कळंब

अंथुर्ण्याचं मापक एका वस्तीवर उघड्या जागी, जसं हवं तसं बसवलेलं होतं. पावसाचं मापक फार साधी वस्तू आहे. वर नसराळं, आत बाटली आणि सोबत खुणा आखलेला काचेचा पेला. सकाळी साडेआठला बाटलीतलं पाणी पेल्यात ओतायचं आणि आकडा लिहायचा. नोंदवहीत कालची तारीख होती आणि पुढे निरंक. नोंद ठेवणाऱ्या गृहस्थांना मी गारांबद्दल विचारलं.

"पडल्या की," ते म्हणाले. "वड्याच्या पल्याड पडल्या. हितं न्हाय आल्या."

ओढा त्यांच्या अंगणातून दिसत होता. मी पलीकडे जाऊन आले. तिकडे लिंबाची पानं झडून जमिनीवर पडली होती आणि अलीकडे पायाखाली फुफाटा. वहीही खरी आणि डाळिंबही खरं. आता कार्डावर काय लिहायचं?

कळंबला वडापने जाताना आणखी एक घोळ झाला. वडाप म्हणजे माणसं कोंबून नेणारी जीप. तिच्यात शेजारी बसलेली म्हातारी म्हणाली, "आभाळ आलंय बाई." मला कळेना, आभाळ गेलं कुठे होतं? आमच्याकडे ढगांनी अंधारून आलं की मळभ म्हणतात. इकडे ढगालाच आभाळ म्हणतात हे समजेपर्यंत मी दोनदा वर आणि दोनदा तिच्या तोंडाकडे पाहिलं. तिला मी थोडी खुळी वाटले असणार. कळंबचं मापकही बिनचूक होतं. तिथून निरवांगी किती लांब, असं विचारलं तर जो तो "हितंच हाय" म्हणायचा. त्या 'हितंच'ला मी तासभर चालले. एका बाजूला कालव्याच्या पाण्यावरचा हिरवागार ऊस आणि दुसऱ्या बाजूला वाळून पिवळं पडलेलं गवत, मध्ये नुसती एक पायवाट. एकाच गावात दोन ऋतू शेजारी शेजारी नांदत होते.

निरवांगी

साळवे गुरुजी शाळेच्या फाटकाशीच उभे होते. पांढरा सदरा, पांढरी टोपी, बोलणं सावकाश. शाळेला सुट्टी होती, पण मापक शाळेच्या आवारात असल्यामुळे ते रोज यायचे.

"मॅडम, तुम्ही तपासायला आलात ते मला ठाऊक आहे," ते म्हणाले. "आधी जेवा. मग तपासा."

मी वही पिशवीत टाकली आणि त्यांच्यामागून घराकडे निघाले.

घरात बुद्धाची तसबीर होती आणि तिच्याखाली मुलांच्या पदव्यांचे फोटो ओळीने लावलेले. वडिलांनी छप्पन्न साली दीक्षा घेतली, तेव्हा आपण शाळेत वरच्या वर्गात होतो, एवढंच गुरुजींनी त्याबद्दल सांगितलं. कौसल्याबाई त्यांच्या पत्नी. बोलायला त्या गुरुजींच्या दुप्पट आणि कामाला चौपट. त्यांनी हुलग्याचं, म्हणजे कुळथाच्या पिठाचं, पातळ माडगं आणि ज्वारीची भाकरी वाढली. मी भाताची माणूस. भाकरी दोन्ही हातांनी मोडायला लागले तशा त्या हसल्या.

"एका हातानं मोडा बाई. ती काय पळून जात न्हाय."

जेवण झाल्यावर गुरुजींनी वह्या काढल्या. अनेक वर्षांच्या वह्या, एकही दिवस गाळलेला नाही. अक्षर एकसारखं. मी चुका शोधत बसले. जे गाव रोज निरंक लिहू शकलं असतं आणि कुणी विचारलंही नसतं, त्या गावातला माणूस खोटा पाऊस कशाला लिहील? आणि खोटा नसेल, तर शेजारच्या वह्यांशी त्याचा मेळ का बसत नाही? रात्री उशिरापर्यंत माझ्या डोक्यात आकड्यांचा नुसता काला झाला होता.

"गुरुजी, स्पष्टच विचारते. हे आकडे..."

"तुम्ही उद्याचा दिवस राहा," त्यांनी मला मध्येच थांबवलं. "मी काय सांगणार? वह्या माझ्याच हातच्या आहेत."

माळावर

दुसऱ्या दिवशी दुपारी उकाडा असह्य झाला. गावातली निम्मी माणसं लग्नाला परगावी गेली होती. मी ओट्यावर वारा घेत बसले होते. पश्चिमेला ढग चढत होते आणि लांबवर गडगडत होतं, पण थेंब नव्हता. तेवढ्यात गावाच्या वरच्या बाजूला धूर दिसला.

तिथल्या चढाला गावातले लोक डोंगर म्हणतात. सह्याद्री बघितलेल्या माणसाला त्याला डोंगर म्हणणं जड जातं, पण वणव्याला उंची लागत नाही, वाळलेलं गवत पुरतं. आग वीज पडून लागली की कुणाच्या विडीने, की खाली कुणी उसाचं पाचट पेटवलं होतं त्याची ठिणगी वर गेली, हे शेवटपर्यंत कुणालाही नक्की सांगता आलं नाही.

"बिरूआबाची कोकरं हायत वर," कौसल्याबाई म्हणाल्या आणि पदर खोचून निघाल्यासुद्धा.

गुरुजी, मी आणि गावात उरलेली सात-आठ माणसं अर्ध्या तासात वर पोचलो. बिरूआबा सत्तरीचे धनगर. मोठी मेंढरं घेऊन त्यांची मुलं दिवसाची नदीकडे चारायला गेली होती. माळावर आबांची खोपी, पावसाळ्यापर्यंत पुरेल अशी कडब्याची गंज आणि वाघरीत, म्हणजे जाळ्यांच्या कुंपणात, ठेवलेली तीस-चाळीस कोकरं. आग अजून दोन शेतांएवढी लांब होती आणि वारा नसल्यामुळे हळूहळू सरकत होती. आगीपेक्षा तिचा आवाजच मोठा होता.

आता करायचं काय, यावर चर्चा सुरू झाली. कोकरं खाली हलवायची तर ओघळीतून न्यावी लागणार, डोक्यावर विजा चमकत असताना. त्यात चार-पाच माणसं गुंतणार, म्हणजे आग बडवायला कुणी उरणार नाही आणि गंज जाणार. आणि पाऊस आला तर सगळंच वाचणार.

आबांनी डोळ्यांवर हात धरून ढगाकडे पाहिलं. मग माझ्याकडे वळले.

"गुरुजी म्हनत्यात तुमी हवामानाच्या. मग सांगा की बाई. येतोय का न्हाय?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी नकाशावर ठिपके भरणारी बाई. अंदाज सांगणं माझं काम नव्हतं, कधीच नव्हतं. हे तेव्हाच सांगायला हवं होतं. पण ढग माझ्यासमोर होता, माथा ऐरणीसारखा पसरलेला, पोट काळंशार, पुस्तकात असतो तसाच. आणि एवढी माणसं विचारत असताना 'माहीत नाही' हे शब्द तोंडातून निघेनात.

"येईल," मी म्हणाले. "अर्ध्या तासात येईल."

"बास," आबा म्हणाले. "मग हितंच थांबायचं."

आम्ही लिंबाचे हिरवे डहाळे घेऊन आगीच्या कडेने उभे राहिलो. डहाळा वरून आपटायचा नाही, ठिणग्या उडतात. आगीवर दाबून ओढायचा, असं गुरुजींनी शिकवलं. पहिली काही मिनिटं जमलं. मला तर हुरूप आला होता. तेवढ्यात ढगाच्या बाजूने गार वारा सुटला. उकाड्याने जीव गेलेला, त्यामुळे क्षणभर सगळ्यांनाच छान वाटलं. कुणीतरी ओरडलं, "आला, आला!"

पाऊस आला नव्हता, वाराच आला होता. अशा ढगातून गार हवा खाली कोसळते आणि जमिनीवर चहूकडे पसरते, पावसाच्या आधी आणि कधी कधी पावसावाचूनही, हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. माळावर उभी असताना त्यातलं एक अक्षर मला आठवलं नव्हतं. आग जी सरकत होती ती उठून पळायला लागली. तिने तोंड फिरवलं आणि सरळ गंजीकडे निघाली.

"मागं व्हा! मागं!" गुरुजी ओरडले. त्यांनी माझ्या मनगटाला धरून ओढलं तेव्हा कळलं की मी डहाळा धरून तशीच उभी होते.

पश्चिमेला, टेकाडाच्या पलीकडे, पाऊस स्पष्ट दिसत होता. राखाडी पडदा सोडावा तसा. एवढा जवळ की मातीचा वास येत होता. आणि आमच्या इथे टिपूस नाही. गंज पेटली, पाठोपाठ खोपी. सगळा चारा असा भडकला की सगळ्यांना लांब हटावं लागलं. धुरात वाघर दिसेना. आबा तिकडे धावले, दोघांनी त्यांना धरलं. ते काहीच ओरडत नव्हते, नुसते हात सोडवून घेत होते.

मग खालून कौसल्याबाईंची हाक आली.

त्या ओघळीपलीकडच्या नांगरटीत उभ्या होत्या. नांगरलेली उघडी जमीन, जळायला एक काडी नाही. त्यांच्याभोवती कोकरं. मी 'येईल' म्हणाले तेव्हा त्या माझ्या मागेच होत्या. त्यांनी ऐकून घेतलं, कुणाशी वाद घातला नाही, वाघरीच्या दोऱ्या विळ्याने कापल्या आणि दोन बायकांना घेऊन कोकरं खाली उतरवली. आम्ही आगीकडे तोंड करून उभे होतो, आमच्या पाठीमागे काय चाललंय ते कुणालाच दिसलं नव्हतं.

आबा नांगरटीत जाऊन खाली बसले आणि एकेका कोकराच्या पाठीवरून हात फिरवून मोजायला लागले. मोजणी चुकायची, परत पहिल्यापासून सुरू करायचे.

आणि मग पाऊस आला. सगळं जळून गेल्यावर, टपोऱ्या थेंबांचा, मध्ये गारा. पाच-सात मिनिटांत मी नखशिखांत भिजले. गंजीची राख काळं पाणी होऊन वाहिली. उरलेली आग विझली. पाऊस जसा आला तसा निघूनही गेला.

मी कौसल्याबाईंना विचारलं, "तुम्हाला कसं कळलं, पाऊस वेळेवर येणार नाही ते?"

"मला कुठलं कळतंय?" त्या म्हणाल्या. "पावसाचं आपल्याला काय म्हाईत न्हाय. कोकरं जळत्यात, एवढं म्हाईत हाय."

परतताना अंगावरून पाणी निथळत होतं. गावाच्या वेशीशी आलो तर रस्त्यावर फुफाटा. शाळेच्या आवारात कोंबड्या धुळीत अंग घोळत होत्या. मी थांबून माझ्या पायांकडे पाहिलं. कोरड्या धुळीत माझ्या ओल्या पावलांचे ठसे उमटले होते.

साडेआठ वाजता

सकाळी साडेआठला गुरुजींनी नसराळं काढलं, बाटली पेल्यात उलटी केली. काही पडलं नाही. त्यांनी वही माझ्यासमोर ठेवली आणि पेन दिलं.

"तुम्हीच लिहा मॅडम."

माझी साडी अजून दोरीवर सुकत होती, मी कौसल्याबाईंचं लुगडं नेसले होते. मला वाटलं, शेऱ्यात काहीतरी लिहावं, माळावर पाऊस झाला म्हणून. पण मापक माळावर नाही, शाळेत आहे. जिथे आहे तिथलंच ते सांगणार. मी 'निरंक' लिहिलं आणि खाली सही केली. गुरुजींनी शाई वाळू दिली आणि वही मिटली. माझ्याकडे विजयाने वगैरे पाहिलं नाही, ते त्यांच्या स्वभावातच नसावं.

निघण्याआधी बिरूआबांकडे गेले. रात्री माझा डोळा लागला नव्हता. जळलेल्या खोपीच्या जागी दोन दगडांची चूल होती आणि तिच्यावर चहा. गावातल्या घराघरातून कडब्याच्या पेंढ्या यायला लागल्या होत्या, गुरुजींच्या घरच्या पहिल्या. मी म्हणाले, "आबा, माझं चुकलं. मी सांगायला नको होतं."

त्यांनी मेंढीच्या दुधाचा चहा पितळीत ओतून माझ्यापुढे सरकवला.

"गंज गेली त्येचं वाईट वाटतंय," ते म्हणाले. "न्हाय वाटत म्हनलं तर खोटं हुईल. तुमचाबी राग आला हुता काल." मग त्यांनी पुन्हा डोळ्यांवर हात धरून वर पाहिलं. "आज यील का?"

"मला माहीत नाही, आबा."

"व्हय," ते म्हणाले. "आता बराबर सांगितलंत." आणि पितळीत आणखी चहा ओतला.

पुणे

साहेब माझी वाट बघत होते. त्यांना एका ओळीत उत्तर हवं होतं. मास्तर खोटं लिहितो की खरं?

"खरं," मी म्हणाले.

"कशावरून?"

मी नोंदीची नक्कल त्यांच्यापुढे ठेवली. "या दिवशी दुपारी निरवांगीला गारांचा पाऊस झाला. मी स्वतः त्यात उभी होते. चिंब भिजले."

साहेबांनी तारखेवर बोट ठेवलं आणि विजयाने वर पाहिलं. "इथे तर निरंक लिहिलंय! बघा, सापडला की नाही?"

"सहीही बघा साहेब. ती माझी आहे."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. नक्कल जवळ धरून वाचली, लांब धरून वाचली. खिडकीबाहेर पुण्याचं ऊन नेहमीसारखं होतं.

"मला काही कळलं नाही," ते म्हणाले.

"मलाही," मी म्हणाले, आणि 'मापक निरवांगीलाच राहू द्यावे' एवढ्या एका ओळीचा कागद त्यांच्यापुढे सरकवून त्यावर त्यांची सही घेतली.